जावेचा दात

माझ्या डाव्या मनगटावर दातांची खूण आहे. अर्धगोल, सहा टिंबं, त्यातलं मधलं एक जरा खोल. बांगड्या खाली ओढल्या की झाकते, वर सारल्या की दिसते. कोणी विचारलं तर कुत्रं चावलं म्हणून सांगते. खोटं बोलते. माझी धाकटी जाऊ चावली होती. आणि ज्या दाताने मधलं टिंब खोल गेलं, तो दात मी पुढच्याच क्षणी तिच्या तोंडातून पाडला.

फुशारकी नाही मारत. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते, लाज वाटली की राग येतो आणि राग आला की मी मोठ्याने बोलते. तेव्हा हे सांगणं थोडं मोठ्याने होईल. माहेरी, टोकावड्याच्या बाजूला, मला सगळे फटाकडी म्हणायचे. डोकं फिरलं की हात आधी चालायचा आणि अक्कल मागून धापा टाकत यायची. बारावी झाले. वाचायचं वेड इतकं की पुडीचा कागद, एसटीच्या पाट्या, दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते, काही सोडत नाही. पण ते शिक्षण हातापर्यंत पोचलंच नाही.

सासर डोळखांबच्या वरच्या अंगाला, एका पाड्यात. घर एकच, मधे कारवीच्या काठ्यांची भिंत घालून दोघा भावांत वाटलेलं. अलीकडे आम्ही आणि सासू, पलीकडे धाकटा दीर आणि जाऊ. भिंत शेणामातीने छान सारवलेली, पण पलीकडे कोणी खाकरलं तरी अलीकडे ऐकू यायचं. दोघे भाऊ भिवंडीला गोदामात हमाली करायचे, शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. बाकीचे दिवस आम्ही बायकाच.

धाकटी धवळे गायची. आमच्याकडे लग्नात मांडव पडल्यापासून नवरी उठेपर्यंत प्रत्येक विधीला बायका गाणी म्हणतात, ते धवळे. आणि जी पुढे बसून गाणं सांगते आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणतात, ती धवळारीण. धाकटीच्या आईकडे ही विद्या होती. आई गेल्यावर बोलावणी लेकीला यायला लागली. ती चांगली गायची, हे मी तेव्हा कधी तोंडाने कबूल केलं नाही. आवाज बारीक, पण शब्द असा स्वच्छ की मांडवाबाहेर पत्रावळी लावणाऱ्यालासुद्धा अक्षर न् अक्षर कळावं. आणि गाताना दात दिसायचे. काय दात होते मेलीचे! पांढरे, सरळ, एक इकडे नाही की तिकडे नाही. माझे वेडेवाकडे, मिश्रीने काळे पडलेले. मी तिच्या दातांवरही जळायची, आता लपवून काय करू.

त्या वैशाखात माझ्या माहेरी लग्न निघालं, चुलतभावाच्या मुलीचं. मला पत्रिका आली. धाकटीला घ्यायला गाडी येणार होती. माझ्या माहेरात, माझ्या माणसांत, हिला पाटावर बसवून हळदकुंकू लावणार आणि मी मागच्या रांगेत बसून हिच्या मागून ओळ म्हणायची! पत्रिका आल्यापासून मी घरात भांडी आपटत होते, आणि आता लग्नाला सहा दिवस राहिले होते.

आता विहिरीचं सांगते. खाली धरण, वर आम्ही कोरडे. उन्हाळ्यात टँकर यायचा, एक दिवसाआड. तो विहिरीत पाणी ओतून जायचा आणि आम्ही पोहऱ्याने ओढून काढायचं. नंबर माणसांचा नाही, हंड्यांचा. आदल्या संध्याकाळी ज्याने त्याने आपला रिकामा हंडा विहिरीच्या काठावर रांगेत ठेवायचा, सकाळी त्याच क्रमाने भरायचा. माणूस नसलं तरी हंडा उभा असला की नंबर चालतो. दुसऱ्याचा हंडा हलवणं म्हणजे त्याच्या शेतात शिरून भात कापण्यासारखं. पाड्यात तेवढ्यावरून डोकी फुटलेली आहेत.

त्या सकाळी मी पोचले तर माझा हंडा, माहेरून आलेला पितळेचा, बाजूला चिखलात लोळलेला. आणि त्याच्या जागेवर धाकटीचा, आणि धाकटी खुशाल पाणी ओढतेय.

“माझा हंडा कोणी लोळवला?” मी विचारलं. दिसत होतं तरी विचारलं.

“मीच गो सरकवला, बाय,” ती म्हणाली. बाय म्हणजे मोठी बाई, मोठ्या जावेला ती तसंच म्हणायची. “मला लवकर जायचंय, बायकांना धवळे बसवायचेत. तुझा भरून देते ना मागून.”

“नंबर माझा हाय.”

“अगो, तुझ्या माहेरच्यांच्याच कामाला चाललेय. त्यांनीच बोलवलंय मला.”

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोर हिसकला, पोहरा सुटून धाडकन विहिरीत गेला. तिने मला ढकललं. मी तिचे केस धरले. तिने माझी वेणी धरली. दोघी काठावरच्या चिखलात आडव्या झालो. बाकीच्या बायका ओरडतायत, “सोडा गो, विहिरीत पडाल,” पण मधे कोणी येत नाही. माझा गुडघा तिच्या पोटात, तिची नखं माझ्या मानेत. तेव्हा ती चावली. मनगट तोंडात धरलं आणि सोडेचना. दात मांसात शिरताना मला कळत होते, एकेक. माझ्या उजव्या हाताला हंड्याचा काठ लागला. मी हंडा उचलला आणि घातला तिच्या तोंडावर. पूर्ण ताकदीने. घाबरवायला म्हणून नाही, मारायलाच.

कौल फुटावं तसा आवाज झाला. ती मागे बसली, नुसती बसली, दोन्ही हात तोंडाशी धरून. ओंजळीतून रक्त गळायला लागलं. मला अजून जोर होता. मी दुसऱ्यांदा हंडा उचललाही होता. तेवढ्यात एकजण म्हणाली, “दात पडला.” काठाच्या दगडावर पडला होता तो, वरचा, पुढचा.

तोपर्यंत सासू धावत आली होती. तिने काय करावं? वाकून दात उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली, “कौलावर टाकते.” पोरांचा दुधाचा दात पडला की आमच्यात कौलावर टाकतात, नवा चांगला यावा म्हणून. म्हातारीचे हात सवयीने चालले होते.

“आत्या, तो दुधाचा नाय,” मी म्हटलं. “परत यायचा नाय तो.”

हे माझ्या तोंडून निघालं आणि धाकटीने माझ्याकडे बघितलं. मार तिने खूप खाल्ला होता, पण असं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने बोलायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वारा. मग ती रडायला लागली. रडताना पण एकच शब्द म्हणत होती, लग्न, लग्न, आणि त्यातला ‘ल’सुद्धा धड लागत नव्हता.

माझा राग कुठे गेला मला माहीत नाही. सासूच्या हातातून मी दात ओढून घेतला, कारण मला दवाखान्याची भिंत आठवली. आदल्या वर्षी नवऱ्याची दाढ काढायला शहापूरला दाताच्या दवाखान्यात गेलो होतो. वाट बघताना मी तिथला तक्ता वाचला होता: ‘पडलेला दात पुन्हा बसवता येतो.’ खाली आणखी ओळी होत्या, पण त्यांच्यासमोर एक जाडा माणूस डोकं टेकून बसला होता.

धाकटीला सासूने तिच्या बाजूला नेऊन बसवलं, तोंडात फडकं देऊन. मी माझ्या बाजूला, चुलीपाशी. दात हातात घेतला तर केवढा लांब! तोंडात दिसतो तो निम्मासुद्धा नसतो. वरचा भाग पांढरा, खालचं मूळ पिवळसर, त्याला चिखल, आणि चिखलाखाली गुलाबी पातळ साल, ओलसर, धागे लोंबत असलेली. ते रक्त मला बघवेना. दात म्हणजे हाड, आमच्या घरात लहानापासून थोरापर्यंत सगळे हेच म्हणायचे, मी पण पोरांना हेच शिकवलं होतं. हाड धुतल्याने काय होतंय? घाण दात तोंडात कसा बसवणार? मी चुलीतली राख घेतली, भांड्याचा काथ्या घेतला आणि टोपाचं बूड घासते तसा तो दात घासला. खसाखसा. गुलाबी साल निघून मूळ पांढरं होईपर्यंत. वर तांब्याभर पाणी ओतलं, ज्या पाण्यासाठी हे सगळं झालं होतं त्यातलंच. चकचकीत झाला. मला बरंसुद्धा वाटलं, खोटं का बोलू.

मग नवऱ्याच्या दाढेच्या औषधाच्या पाकिटावरचा दवाखान्याचा नंबर घेऊन चिंचेखाली गेले, तिथे रेंज मिळते. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच फोन उचलला.

“किती वेळ झाला?” 

“अर्धा तास.”

“वरचा पांढरा भाग धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. अजिबात घासायचा नाही. घासलात का?”

मी चिंचेच्या खोडाकडे बघत होते. “नाय,” म्हटलं.

“छान. दुधात बुडवून लगेच निघा.”

दूध? आमच्याकडे चहा कोरा. अख्ख्या पाड्यात दुभतं जनावर नाही. तसं सांगितलं तर म्हणाल्या, “मग तिच्याच गालात ठेवा. लाळेत राहतो.”

“तिला ओकाऱ्या येतायत, मॅडम. रक्त गिळलंय.”

“मग ती गिळेल दात. घरातलं दुसरं कोणी असेल त्याच्या गालात ठेवा. पण कोरडा पडू देऊ नका.”

म्हणजे मी.

तो माझ्या जावेचा दात मी माझ्या तोंडात घातला. गाल आणि हिरडीच्या मधे. राखेची चव, तिच्या रक्ताची चव, पितळेची चव. मूळ गालाला टोचत होतं. हंडा घातला तेव्हा मला किळस आली नव्हती, आता आली. पण तोंड घट्ट मिटून धरलं.

जीप मिळाली. डोळखांबहून शहापूर म्हणजे त्या रस्त्याने तासभर धरून चाला. मागच्या सीटवर आम्ही दोघी, समोर दोन माणसं कोंबड्या घेऊन. मला बोलायची सोय नाही. तोंड उघडलं तर दात पडेल, नाहीतर घशात जाईल. आणि धाकटीला हे समजलं. दोन वळणं गेली आणि तिने तोंडातलं फडकं काढलं.

काय बोलली! फुसफुसत, शब्दाशब्दाला वारा जात होता, थुंकी आणि रक्त उडत होतं, पण थांबली नाही. मी तिच्या लग्नात मानाच्या लुगड्यावरून केलेली कटकट. तिला दिवस राहिले नाहीत म्हणून मी मारलेले टोमणे. गणपतीत तिच्या हातचे मोदक मी सासूसमोर फोडून दाखवले होते, ते. दहा वर्षांचं सगळं, ओळीने, गाण्यासारखं पाठ. एरवी मी एकेका वाक्याला चार वाक्यं दिली असती. आता नुसती बघत होते, डोळ्यांत पाणी, गालात दात.

कोंबडीवाले खाली बघत होते. 

मग ती एकदम हळू झाली. म्हणाली, “तू आज मारलंस त्याचं काय नाय, बाय. मला मार काय नवा हाय? पण तो शनिवारी मारतो ना मला, तवा तू पलीकडं भांडी घासायला बसतेस. मला ऐकू येतं. मी ओरडले की तुझा काथ्या जोरात चालतो.”

खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं. शनिवारी दीर पिऊन यायचा, पलीकडून धपाधपा आवाज सुरू झाले की मी ढीगभर भांडी घेऊन बसायची. घासलेली पुन्हा घासायची. माझ्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून, असं मी मनाशी म्हणायची. पण मला ऐकू येऊ नये म्हणूनच ते होतं. आणि तोंडात दात नसता तर मी तिला नक्की म्हणाले असते, ‘नवराबायकोच्या भांडणात मी कशाला पडू?’ दात होता म्हणून गप्प राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने माझ्या गालातून दात काढला आणि मिठाच्या पाण्यात सोडला. धाकटीला खुर्चीत आडवं केलं. ओठ फाटून दोन झाला होता.

“कसं झालं हे?” त्यांनी विचारलं.

“पडले,” धाकटी म्हणाली. “विहिरीवर पाय घसरला.”

हे वाक्य मी ओळखत होते. हाच आवाज, असाच सपाट. ओटीवर उभी राहून आशाताईला ती हे सांगायची, तिच्या भावाला सांगायची, रविवारी सकाळी डोळा सुजलेला असायचा तेव्हा मलाही सांगायची. पडले. पाय घसरला. दहा वर्षं ते वाक्य दिराचं होतं. आज ते माझं झालं. मी तिच्या नवऱ्याच्या रांगेत जाऊन बसले होते. मला तिथेच भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट बघितलं, रक्ताळलेलं, सहा टिंबं. “आणि हे?”

“कुत्रं चावलं,” मी म्हटलं.

खुर्चीतून फुस्स आवाज आला. धाकटी हसली होती, तशा फाटक्या ओठाने. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मलाही धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं.

हिरडी बधिर होईपर्यंत त्या सांगत होत्या, हातात प्लास्टरचा दात घेऊन. वरचं पांढरं कवच शरीरातलं सगळ्यात टणक, पण त्याच्यात जीव नाही. एकदा झिजलं की गेलं. त्याच्या आत पिवळा थर, त्यात केसाहून बारीक नळ्या, म्हणून थंड पाणी ठणकतं. त्याच्या आत पोकळी, तिच्यात रक्त आणि नस. 

“भातासारखं,” मी म्हटलं. “वर तूस, आत जीव.”

“तसंच. पण पडलेला दात परत धरतो तो आतल्या नसेमुळे नाही. ती तर तुटलीच, पुढच्या आठवड्यात साफ करून टाकू. धरतो तो ह्या मुळावरच्या सालीमुळे.” त्यांनी प्लास्टरच्या मुळावरून बोट फिरवलं. “पातळ असते, गुलाबी. तिच्या धाग्यांनी दात हाडाला बांधलेला असतो. ती साल जिवंत राहिली तर धागे पुन्हा जुळतात. म्हणून घासायचा नसतो. घासला नाही ना?”

आता सांगायचं होतं. माझ्या हातात अजून राख होती, नखांत. लहानपणापासून मी भाताची आवणी करतेय. रोपं उपटतो, मुळाचा चिखल पाण्यात झटकतो, त्याच दिवशी लावतो. मुळं कोणी घासतं का? आमच्या घरातली चार वर्षांची पोर घासणार नाही. आणि मी, बारावी झालेली, काथ्या घेऊन बसले होते.

“नाय,” मी म्हटलं, दुसऱ्यांदा. धाकटी वरच्या दिव्याकडे बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी खड्डा पाण्याने धुतला, साकळलेलं रक्त निघालं. मग दात त्यात धरून अंगठ्याने दाबला. करकर झाली. धाकटीची टाच खुर्चीवर आपटली, आणि तिने हात पुढे केला, काहीतरी धरायला. मीच जवळ होते. तिने माझं तेच मनगट धरलं आणि दाबलं, आणि मी ओरडले नाही. शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवून दात बांधला. “धरेल की नाही आज सांगता यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं बघत राहावं लागेल.”

सहा दिवसांनी टोकावड्याला धाकटी तार लावून गायली. ओठाला टाके, चेहरा एका बाजूने निळा. मांडवात कुजबूज झाली, नवऱ्याने मारलं असणार, आणि मी ती होऊ दिली. तिने पहिला धवळा उचलला तेव्हा मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. पण वारा गेला नाही. शब्द आले, सगळे, स्वच्छ. मी मागच्या रांगेतून ओळ उचलली ती सगळ्यांच्या आधी, इतक्या मोठ्याने की शेजारणीने वळून बघितलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. माझी चुलतवहिनी म्हणाली, “तुला काय झालं गो?” मी म्हटलं, “माझी जाऊ हाय ती.”

तिला पंधरा दिवस चावायचं नव्हतं. मी रोज पेज शिजवायची, मऊ भात कुस्करून द्यायची, भिंतीला वळसा घालून नेऊन ठेवायची. ती खायची, टोप परत द्यायची. गोडीगुलाबी काही नाही. भांडणही नाही.

मग आषाढातला एक शनिवार. संध्याकाळी दीर पिऊन आला. मी भांडी घासत होते. पलीकडून त्याचा आवाज, “गाते काय मांडवा-मांडवात! दात दाखवत फिरते काय!” आणि पहिली थप्पड. माझा काथ्या आपोआप जोरात चालायला लागला. मला तो ऐकू आला. देवाशपथ, पहिल्यांदा मला माझाच काथ्या ऐकू आला.

मी टोप तसाच टाकला, चुलीपाशी लोखंडाची फुकणी होती ती उचलली आणि गेले. त्याने धाकटीला केसाला धरून खाली दाबलं होतं, दुसरा हात वर, मूठ वळलेली, तोंडावर मारायला. मी फुकणी त्या हाताच्या कोपरावर घातली. तो वळला, पुन्हा घातली, खांद्यावर. तिसऱ्यांदा पायावर. तो ओट्यावर कोसळला आणि आईगं आईगं करायला लागला. माझा नवरा दारात उभा राहून नुसता बघत होता. “पुन्हा हिच्या तोंडाला हात लावलास,” मी दिराला म्हटलं, “तर दातासकट जबडा हातात देईन. मला येतं ते. हिला विचार.”

त्यानंतर त्याचा हात कधी उठला नाही, असं मी सांगणार नाही. उठला. पण मग मीही उठले, प्रत्येक वेळी, फुकणी घेऊन. कोपर त्याचं अजून पावसात दुखतं. दुखू दे.

तीन वर्षं दात राहिला. तीन उन्हाळे ती गायली, मुरबाडपासून थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत. दर सहा महिन्यांनी मी तिला शहापूरला न्यायची, एक्स-रे काढायला. प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बघू.

गेल्या महिन्यात त्यांनी आरशाच्या दांड्याने आधी शेजारच्या दातावर ठोकलं, मग ह्याच्यावर. ह्याचा आवाज वेगळा आला, टणक, कोरडा. मग एक्स-रे दिव्यासमोर धरला. बाकीच्या मुळांभोवती बारीक काळी रेघ होती. ह्याच्याभोवती नव्हती. मूळ निम्मं दिसत नव्हतं.

“साल मेली,” त्या म्हणाल्या. “साल नसली की शरीराला दात दात वाटत नाही. हाडच समजतं ते. थोडं थोडं मूळ खातं आणि त्या जागी हाड भरत जातं. वर्षभर टिकेल, फार तर दोन. मग खोटा बसवू.”

दात म्हणजे हाड, असं मी म्हणत आले होते. शेवटी तो हाडच झाला.

“गाता येईल?” धाकटीने विचारलं.

“येईल. सुरुवातीला वारा जाईल थोडा. पण असं व्हायला नको होतं हो, तुम्ही वेळेत आला होतात. मूळ कोरडं पडलं असेल, नाहीतर कोणीतरी घासलं असेल.”

मी उभीच होते, खुर्चीच्या मागे. तोंडात काही नव्हतं या वेळी. “मी घासला व्हता, मॅडम,” मी म्हटलं. “राखेनं, काथ्या घेऊन. तुमी दोनदा विचारलंत, दोनदा खोटं बोलले. पाडला पण मीच. ती पडली नव्हती.”

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. मी धाकटीकडे बघेना. ती खुर्चीतून उठली, पेल्यातल्या पाण्याने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

“म्हायत हाय मला, बाय,” ती म्हणाली.

“तुला कसं म्हायत? तू तर पलीकडं व्हतीस.”

“आवाज येत व्हता.”